आलेखांचा अहवाल: दिसायला नेटका, झेरॉक्समध्ये टिकणारा आणि ऐकूनही कळणारा

इंदूरमधील एका मराठी संस्थेच्या वाचनालयाचा वार्षिक अहवाल तयार करण्याचे काम काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आले, तेव्हा एक्सेलमध्ये रंगीत आलेख काढता येतात एवढीच माझी पात्रता होती. पहिल्या वर्षी मी अकरा तुकड्यांचा गोल आलेख, उठावदार दिसावेत म्हणून त्रिमितीय स्तंभ आणि प्रत्येक पानावर भगवी पट्टी असा थाट केला. सर्वसाधारण सभेत मात्र त्याच्या काळ्या-पांढऱ्या झेरॉक्स प्रती वाटल्या गेल्या आणि लाल व हिरवे स्तंभ एकाच करड्या रंगाचे झाले. त्याच संध्याकाळी पीडीएफ व्हॉट्सॲपवर गेली आणि रामबागेत राहणाऱ्या एका दृष्टिहीन काकांचा फोन आला: “अरे, माझा फोन तुझा अहवाल वाचतो, पण दर पानावर नुसते ‘चित्र’ म्हणतो आणि पुढे जातो. त्या चित्रात आहे तरी काय?” मी सांगू लागलो तेव्हा लक्षात आले की निम्म्या आलेखांविषयी मलाही एका वाक्यात काही सांगता येत नव्हते.

तेव्हापासून एक नियम मी पाळत आलो आहे. जो आलेख फोनवर एका वाक्यात सांगता येत नाही, तो अजून तयार झालेला नाही. पुढील सर्व पायऱ्या याच नियमातून निघाल्या आहेत आणि त्या मंडळ, गृहनिर्माण संस्था, शाळा, पतसंस्था अशा कोणाच्याही अहवालाला लागू पडतील.

सुरुवात करण्यापूर्वी जवळ काय असावे

- मागील किमान तीन वर्षांचे लेखापरीक्षित जमाखर्च आणि वाचनालयाच्या किंवा हजेरीच्या मूळ नोंदवह्या
- प्रत्येक आकडा कोणत्या वहीतून, कोणत्या तारखेला घेतला याची नोंद ठेवण्यासाठी वेगळे पत्रक
- एक्सेल किंवा लिब्रे ऑफिसचे कॅल्क. दुसरे विनामूल्य आहे आणि या कामाला पुरते
- ‘मुक्त’, ‘नोटो सान्स देवनागरी’ किंवा ‘तिरो देवनागरी मराठी’ यांसारखा एखादा युनिकोड फॉन्ट, म्हणजे ज्यात संगणकाच्या पोटातही देवनागरी अक्षरेच साठवली जातात असा
- संगणकावर पडदा वाचून दाखवणारे एनव्हीडीए हे विनामूल्य सॉफ्टवेअर आणि फोनवर टॉकबॅक
- रंगांतील तफावत मोजणारे कोणतेही ऑनलाइन साधन
- कोपऱ्यावरचे झेरॉक्सचे दुकान, कारण याहून कठोर परीक्षक मला अद्याप भेटलेला नाही

१. प्रत कोणाच्या हाती आणि कोणत्या रूपात जाणार आहे, ते आधी ठरवा

अहवाल आपण मोठ्या पडद्यावर तयार करतो आणि तो तसाच वाचला जाईल असे गृहीत धरतो. प्रत्यक्षात तो मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लांबणीवर टाकलेल्या आजोबांच्या हातातील झेरॉक्स प्रत असतो, सिटी बसमध्ये उन्हात उघडलेला फोन असतो किंवा सभेत चिटणीस मोठ्याने वाचून दाखवतात तो मजकूर असतो. अशा तीन-चार रूपांची यादी करून ती कामाच्या टेबलावर चिकटवा. या वाईटात वाईट परिस्थितीत जो अहवाल कळतो, तो चांगल्या परिस्थितीत आपोआप देखणा दिसतो, असा माझा अनुभव आहे. उलट मात्र कधीच घडत नाही.

२. आकडे निवडून, पुसून घ्या

ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवण्याची सवय इंदूरकरांच्या हाडीमाशी भिनली आहे, पण तेच इंदूरकर अहवालात वर्गणी, देणग्या आणि ठेवींवरचे व्याज एकाच ‘जमा’ या स्तंभात खुशाल ओततात. आधी वर्गवारी करा आणि ती दरवर्षी तीच ठेवा. गेल्या वर्षी ‘बालसाहित्य’ स्वतंत्र होते आणि यंदा ते ‘ललित’मध्ये गेले, तर दोन वर्षांची तुलना खोटी ठरते.

पत्रकात अंक एकाच पद्धतीने भरा. एकाने मराठी अंक व दुसऱ्याने इंग्रजी अंक वापरले आणि त्यांतील काही नोंदी मजकूर म्हणून बसल्या, तर बेरीज त्यांना मोजत नाही आणि चूक दिसतही नाही. मी पत्रकात सर्वत्र इंग्रजी अंक ठेवतो आणि मराठी अंक केवळ अंतिम मांडणीत आणतो. विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगमध्ये अंकांची भारतीय गटवारी निवडली, की लाख-कोटींचे स्वल्पविरामही योग्य जागी पडतात.

मराठी संस्थांच्या आकडेवारीत एक खास सापळा आहे आणि त्यात मी दोन वर्षे अडकलो होतो. २०२२ मध्ये गणेश चतुर्थी ३१ ऑगस्टला आली, २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे ती १९ सप्टेंबरला गेली आणि २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला परतली. दिवाळीही २०२२ मध्ये २४ ऑक्टोबरला होती, तर २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला. त्यामुळे उपस्थितीचा किंवा दिवाळी अंकांच्या देवघेवीचा आलेख इंग्रजी महिन्यांप्रमाणे काढून दोन वर्षे शेजारी ठेवली, तर एका वर्षीचा ऑक्टोबर ‘घसरलेला’ दिसतो आणि कार्यकारिणी त्यावर अर्धा तास चर्चा करते. प्रत्यक्षात घसरलेले काहीच नसते, केवळ सण सरकलेला असतो. अशी तुलना सणाच्या आधीचे आणि नंतरचे आठवडे धरून करा, किंवा महिन्यांचाच आलेख हवा असेल तर प्रत्येक वर्षाच्या रेषेवर सणाची खूण करून तिथेच दोन शब्द लिहा.

३. वाक्य आधी लिहा, आलेख नंतर काढा

प्रत्येक आलेखासाठी कोऱ्या कागदावर एक पूर्ण वाक्य लिहा. ‘पुस्तकांची देवघेव’ हे वाक्य नव्हे, तो विषय झाला. ‘बालविभागातील देवघेव तीन वर्षांत वाढत गेली, पण प्रौढ विभागातील तेवढीच राहिली’ हे वाक्य झाले आणि तेच आलेखाचे शीर्षकही होऊ शकते. काही वेळा वाक्य लिहूनच समाधान होते आणि आलेखाची गरज उरत नाही. दोनच आकडे असतील तर ते वाक्यातच ठेवावेत. माझ्या पहिल्या अहवालात बावीस आलेख होते, हल्ली सात असतात आणि आजवर कोणीही उरलेले पंधरा मागितलेले नाहीत.

टक्क्यांविषयी येथेच एक सूचना: समजा, एखाद्या शिबिरात गेल्या वर्षी दोन मुले होती आणि यंदा चार आली, तर ‘शंभर टक्के वाढ’ हे गणिताने बरोबर असले तरी वाचकाची दिशाभूल करणारे आहे. टक्क्यांशेजारी मूळ संख्या लिहिण्याचा नेम ठेवा.

४. आलेखाचा प्रकार डोळ्याच्या क्षमतेप्रमाणे निवडा

विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये प्रयोगांच्या आधारे दाखवून दिले, की समान अक्षावरील स्थान माणूस सर्वांत अचूकपणे ताडतो, त्यानंतर लांबी, आणि कोन व क्षेत्रफळ यांचा अंदाज घेताना तो अधिक चुकतो. गोल आलेख कोन आणि क्षेत्रफळ यांवरच उभा असतो, म्हणून त्यात दोनतीन तुकड्यांपलीकडे जाऊ नये. स्तंभालेख आणि रेषालेख छापून लोकांसमोर आणणाऱ्या विल्यम प्लेफेअरनेच पुढे १८०१ मध्ये गोल आलेखही आणला. पहिल्या दोन देणग्यांसाठी मी त्याचा ऋणी आहे, तिसरीविषयी तेवढा नाही.

मराठी अहवालासाठी मला आडवे पट्टे सर्वांत उपयोगी वाटतात आणि त्याचे कारण अगदी व्यवहारी आहे. ‘चरित्र व आत्मचरित्र’ किंवा ‘ज्येष्ठ नागरिक उपक्रम’ अशी आपली नावे लांब असतात. उभ्या स्तंभांखाली ती मावत नाहीत, मग सॉफ्टवेअर ती तिरकी करते आणि तिरक्या शिरोरेषेचे देवनागरी वाचणे धडधाकट डोळ्यांनाही जड जाते. आडव्या पट्ट्यांत नाव डावीकडे सरळ बसते, आकडा पट्टीच्या टोकाला लिहिता येतो आणि फोनच्या उभ्या पडद्यावर आलेख पूर्ण दिसतो. पट्ट्या मोठ्यापासून लहानापर्यंत क्रमाने लावा. अकारविल्हे क्रम केवळ शोधसूचीत शोभतो. काळानुसार बदल दाखवायचा असेल तर रेषा घ्या, पण एका आलेखात चारांहून अधिक नकोत. त्रिमितीय स्तंभ कोणत्याही कारणासाठी वापरू नका, कारण त्यात टोक नेमके कोणत्या आकड्याला भिडते तेच कळत नाही.

५. अक्ष शून्यापासून सुरू करा

जनगणनेनुसार इंदूर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये २४,६५,८२७ आणि २०११ मध्ये ३२,७६,६९७ होती, म्हणजे दहा वर्षांत ती सुमारे एक तृतीयांशाने वाढली. आता हेच दोन आकडे स्तंभांनी दाखवताना अक्ष वीस लाखांपासून सुरू केला, तर पहिल्या स्तंभाची उंची साडेचार लाखांच्या थोडी वर आणि दुसऱ्याची पावणेतेरा लाखांची होते. परिणामी दुसरा स्तंभ पहिल्याच्या पावणेतीन पट दिसतो. आकडे खरे आणि चित्र खोटे असा हा प्रकार असतो, आणि बहुतेक वेळा तो कोणी हेतुपुरस्सर केलेला नसतो, तर सॉफ्टवेअरने परस्पर ठरवलेला असतो. म्हणून स्तंभ किंवा पट्ट्या असतील तेव्हा अक्षाची किमान मर्यादा शून्य अशी स्वतः टंकून द्या. रेषालेखात लांबी मोजायची नसते, त्यामुळे तापमानासारख्या बाबतीत अक्ष शून्यापासून नसला तरी चालतो; मात्र ते अक्षावर स्पष्ट दिसले पाहिजे.

६. रंग कमी वापरा आणि अर्थ एकट्या रंगावर सोडू नका

लाल-हिरव्यातील फरक न कळणे हा रंगदृष्टीचा सर्वांत अधिक आढळणारा दोष आहे. त्याची जनुके एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे तो स्त्रियांपेक्षा पुरुषांत पुष्कळ अधिक दिसतो, आणि ज्यांना तो असतो त्यांच्यापैकी अनेकांना ते ठाऊकही नसते. अशा वाचकासाठी ‘हिरवी रेषा पाहा’ या वाक्याला अर्थ उरत नाही. यावर उपाय दोन आहेत. पहिला म्हणजे रेषेचे किंवा पट्टीचे नाव तिच्या टोकाशीच लिहिणे, म्हणजे कोपऱ्यातील रंगसूचीकडे पुन्हा पुन्हा जावे लागत नाही. दुसरा म्हणजे छटांमध्ये गडद-फिक्याचा ठळक फरक ठेवणे आणि रेषा अखंड, तुटक व ठिपक्यांची अशी वेगवेगळी काढणे.

एकाहून अधिक रंग लागणारच असतील तर मासाताका ओकाबे आणि केई इतो या जपानी संशोधकांनी सुचवलेला आठ रंगांचा संच वापरा. त्यात काळा, नारिंगी, आकाशी, निळसर हिरवा, पिवळा, निळा, शेंदरी आणि जांभळट गुलाबी हे रंग आहेत, आणि रंगदृष्टीचा दोष असलेल्यांनाही ते वेगळे ओळखू येतात. त्यातील पिवळा आणि आकाशी हे पांढऱ्या कागदावर फिके पडतात, म्हणून त्यांना गडद किनार द्या.

अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील तफावत मोजण्यासाठी वेब सुगम्यतेची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे आधाराला घ्या. त्यांची २.१ ही आवृत्ती २०१८ मध्ये आली. त्यांनुसार सामान्य आकाराच्या अक्षरांसाठी हे प्रमाण किमान ४.५ : १, तर मोठ्या अक्षरांसाठी आणि आलेखातील अर्थपूर्ण आकारांसाठी किमान ३ : १ असावे. आपल्या निमंत्रणपत्रिकांवर असतात तशी भगव्या-नारिंगी पट्टीवरील पांढरी अक्षरे मोजून पाहा. प्रमाण जेमतेम २ : १ भरते. भगवा सोडण्याची गरज नाही, त्यावर पांढऱ्याऐवजी काळी किंवा गडद तपकिरी अक्षरे घ्या. शुद्ध लाल अक्षरेही पांढऱ्यावर सुमारे ४ : १ इतकीच भरतात, म्हणून लालऐवजी किरमिजी बरा.

मी स्वतः हल्ली एक गडद निळा आणि एक करडा एवढेच वापरतो. ज्या पट्टीविषयी वाक्य लिहिले आहे ती निळी आणि बाकी सर्व करड्या, एवढ्यानेच पान इतके शांत व देखणे दिसते, की पहिल्या वर्षीची माझी भगवी पट्टी आता मलाच बघवत नाही.

७. अक्षरे: इंदूरमध्ये या पायरीवर सर्वाधिक घसरण होते

आपल्याकडील अनेक कार्यालयांत आणि टंकलेखन केंद्रांत अजूनही कृतिदेव चालतो. या फॉन्टमध्ये कागदावर ‘का’ दिसते, पण संगणकाच्या पोटात तिथे इंग्रजी ‘डी’ आणि ‘के’ ही अक्षरे साठवलेली असतात. डोळस वाचकाला त्याने काही फरक पडत नाही. पडदा वाचणारे सॉफ्टवेअर मात्र ‘डीके’ असे म्हणते आणि सगळा अहवाल इंग्रजी अक्षरांची बाराखडी होऊन बसतो. शिवाय असा मजकूर शोधता येत नाही आणि दुसऱ्याच्या फोनवर उघडल्यास विस्कटतो. टंकलेखन बाहेरून करून घेणार असाल तर ‘युनिकोडमध्येच हवे’ असे काम देतानाच लेखी सांगा. परिवर्तकाने नंतर बदलता येते, पण जोडाक्षरे आणि रफार पुन्हा एकेक करून तपासावे लागतात.

युनिकोड वापरल्यावरही दस्तऐवजाची भाषा मराठी अशी नोंदवायला विसरू नका. आपल्या संगणकांवर ती बहुधा हिंदी असते. भाषा मराठी असली की वाचक सॉफ्टवेअर मराठी आवाज निवडू शकते आणि काही फॉन्ट ‘ल’ व ‘श’ मराठी वळणाचे देतात. मजकूर छापील प्रतीत किमान बारा बिंदूंच्या (पॉइंटच्या) आकाराचा असावा, ज्येष्ठ वाचक अधिक असतील तर चौदा, आणि वेलांट्या-उकारांना श्वास घेता यावा म्हणून ओळींमधील अंतर दीडपट ठेवावे.

आलेख संगणकीय भाषेतून काढणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, की पायथनमधील मॅटप्लॉटलिबच्या जुन्या आवृत्त्या देवनागरीची जुळणी करत नाहीत, त्यामुळे ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर पडते आणि जोडाक्षरे सुटतात. पानांच्या मांडणीच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये हाच घोळ झाला तर परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर लावल्यावर तो सुटतो.

शब्दांविषयी एक गंमत सांगतो, जी त्या वेळी मुळीच गंमत वाटली नव्हती. खर्चाची शीर्षके मी हिंदी पत्रकातून जशीच्या तशी उचलली आणि मराठी अहवालात सर्वांत लांब पट्टीवर ‘शिक्षा’ असे छापून आले. संस्थेने वर्षभरात इतक्या जणांना शिक्षा कशासाठी केली, असे एका आजींनी भर सभेत विचारले. आपल्या मुलांना ‘प्रतिशत’ आणि ‘औसत’ अधिक परिचयाचे आहेत हे खरे, तरीही मराठी प्रतीत ‘टक्के’ आणि ‘सरासरी’च ठेवा आणि हिंदी प्रत लागत असेल तर ती वेगळी करा. एकाच आलेखात दोन्ही भाषा घालण्याच्या प्रयत्नात कोणालाच काही कळत नाही.

८. प्रत्येक आलेखाला पर्यायी मजकूर आणि खाली तक्ता द्या

आलेखावर उजवी कळ दाबल्यावर ऑल्ट टेक्स्ट असा पर्याय मिळतो. तिथे लिहिलेला पर्यायी मजकूर पडदा वाचणारे सॉफ्टवेअर बोलून दाखवते. त्यात ‘आलेख क्रमांक ३’ असे लिहिण्याने काही साधत नाही आणि सगळे आकडे ओतणेही चुकीचे आहे. आलेखाचा प्रकार, तो कशाविषयी आहे आणि त्यातून काय दिसते, एवढ्या तीन गोष्टी दोन वाक्यांत याव्यात. वरील लोकसंख्येचे उदाहरण घेतले तर मी असे लिहीन: ‘दोन पट्ट्यांचा आलेख. इंदूर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे २४.७ लाख होती, ती २०११ मध्ये सुमारे ३२.८ लाख झाली, म्हणजे जवळपास एक तृतीयांशाने वाढली.’ तिसऱ्या पायरीत वाक्य लिहून ठेवले असेल, तर हे काम पाच मिनिटांत होते.

सर्व आकडे आलेखाखालील साध्या तक्त्यात द्या. तक्त्यातील घरे एकमेकांत विलीन करू नका, पहिली ओळ शीर्षओळ म्हणून नोंदवा आणि तक्ता चित्र म्हणून कधीही चिकटवू नका. पर्यायी मजकूर एक्सेलमध्ये लिहिला असला, तरी आलेख वर्डमध्ये आणल्यावर तो टिकला आहे का ते पाहा.

९. पीडीएफ काढताना ‘प्रिंट’ची वाट धरू नका

प्रिंटच्या मार्गाने काढलेल्या पीडीएफमध्ये शीर्षके, तक्ते आणि पर्यायी मजकूर यांची रचना नाहीशी होते आणि उरते ते केवळ चित्रवत पान. वर्डमध्ये ‘सेव्ह ॲज’ने पीडीएफ निवडा आणि तिथल्या पर्यायांत सुगम्यतेसाठी रचनेच्या खुणा ठेवण्याची चौकट चालू आहे ना ते बघा. लिब्रे ऑफिसमध्ये ‘एक्स्पोर्ट ॲज पीडीएफ’ या खिडकीत टॅग्ड पीडीएफचा पर्याय असतो. शीर्षके ठळक अक्षरांनी नव्हे, तर शीर्षक शैलीने दिलेली असावीत, नाहीतर या खुणांना काही अर्थ राहत नाही.

मग एक परिच्छेद पीडीएफमधून उचलून नोटपॅडमध्ये चिकटवा. देवनागरी पीडीएफमध्ये मात्रा आणि वेलांट्या पुष्कळदा जागा सोडतात, आणि तिथे जे विस्कटलेले दिसते तेच दृष्टिहीन वाचकाच्या कानी पडते. तसे झाले तर पीडीएफसोबत मूळ वर्डची फाइलही पाठवा. आलेख काढण्याच्या ऑनलाइन साधनांपैकी डेटारॅपरमध्ये रंगदृष्टीची तपासणी आतच मिळते, ही त्याची मोठी सोय; मात्र सभासदांची नावे किंवा दूरध्वनी क्रमांक असलेले पत्रक कोणत्याही संकेतस्थळावर चढवू नका, फक्त बेरजा चढवा.

१०. वाटण्यापूर्वी चार चाचण्या

यासाठी दोन दिवस राखून ठेवा, कारण सभेच्या आदल्या रात्री सापडलेली चूक दुरुस्त होत नसते.

१. एका पानाची काळी-पांढरी झेरॉक्स काढा आणि त्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स काढा. पट्ट्या वेगळ्या ओळखू आल्या पाहिजेत.
२. साध्या फोनवर, दुपारच्या उन्हात, पान मोठे न करता वाचा.
३. एनव्हीडीए किंवा टॉकबॅक सुरू करून, डोळे मिटून, पहिली तीन पाने ऐका. पहिल्यांदा हा आवाज फार वेगाने धावतो. त्याचा वेग कमी करता येतो.
४. अहवाल न पाहिलेल्या एखाद्याला फोन करून पर्यायी मजकूर वाचून दाखवा आणि त्यातून काय कळले ते त्याच्याच शब्दांत सांगायला लावा.

चौथी चाचणी मी रामबागेतल्या त्या काकांनाच फोन करून घेतो. ते ऐकून घेतात, थोडे थांबतात आणि आलेख मला परत सांगतात. मागील वर्षी सातांपैकी दोन आलेख त्यांनी सांगितलेल्या वाक्याप्रमाणे पुन्हा काढावे लागले.